मधला वेळ

“आपण पूर्वी कधी भेटलोय का हो?” मास्तरांनी विचारलं.

“भेटलोय, सर,” संशोधिका म्हणाली. दर शनिवारी ती हेच सांगायची. आणि दर शनिवारी मास्तर तितक्याच अदबीनं ओशाळायचे. “मग चूक माझी. बसा ना, उभ्या का?”

खोली तिची होती, पण मास्तरांनी सांगितलं की ती बसायची. पडद्यातून गाळून आलेला उजेड टेबलावर संथ डुलत होता. या खोलीत दुपार पुढे सरकतच नाही, असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं.

मेंदूत शिरलेल्या तापातून मास्तर उठले ते असे. जुनं सगळं जागच्या जागी होतं. पाढे, वर्गातली खोडकर पोरं, लेकीच्या लग्नात हरवलेला स्वतःचा चष्मा. नवं मात्र काही टिकत नव्हतं. ताप येऊन गेल्यावर त्यांना नात झाली होती. ती त्यांच्यासाठी अजून झालीच नव्हती.

लेक बाहेर बाकावर त्या तान्हुलीला घेऊन बसली होती. मास्तर आत येण्यापूर्वीच तिनं संशोधिकेला गाठलं होतं. “आज शेवटचं हं. आजही शून्य आलं, तर मी दूरच्या शाखेत बदली घेऊन टाकते. आई आहे बाबांजवळ. मी येते, ते बाळाकडे बघतात आणि विचारतात, कोणाचं गं हे? त्यांच्यात काही उरतच नसेल, तर मी भेटते तरी कुणाला?”

संशोधिकेकडे मोजमाप होतं. शब्दांच्या जोड्या वाचून दाखवायच्या. थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग विचारायचं. जेवढं सांगता येईल, तेवढं शिकलेलं.

मधल्या वेळात माणूस मनातल्या मनात शब्द घोकत बसतो. तसं होऊ नये म्हणून ती त्याला आरशातली चांदणी द्यायची, कागदावर दुहेरी रेघेनं छापलेली. हात फळीमागे झाकलेला, दिसणार फक्त आरशात, आणि त्यात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. आरसा सगळं उलटं करतो. पेन्सिल वर न्यावी तर खाली धावते. याला गुण नव्हते. हा नुसता वेळ घालवायचा उद्योग होता. झालेला कागद ती न बघता टोपलीत टाकायची.

तिनं शब्द वाचले. मास्तरांनी मन लावून ऐकले. तिनं चांदणी पुढे सरकवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

“झालं,” मास्तर म्हणाले.

“आरशात बघून काढायची, सर.”

“आरशातच बघितलं की. कॉपी नाही केली हो!”

रेघ दोन्ही कडांच्या मधून चालली होती, ओळखीच्या गल्लीतून कुणी घरी जावं तशी. मधला वेळ अजून बराच शिल्लक होता. तिला काय करावं सुचेना. तिनं दुसरी चांदणी दिली. ती तर पहिलीपेक्षा लवकर झाली.

“हे तुम्ही कधी केलंय, सर?”

“छे! जन्मात पहिल्यांदा. पण मजेशीर आहे. मुलांना द्या, खूश होतील.”

तिला सुरुवातीचे शनिवार आठवले. तेव्हा ही पेन्सिल पहिल्याच कोपऱ्यावर थरथरत अडकायची, आणि मास्तर दात-ओठ खात तिला पुढे रेटायचे.

तिनं ठरलेले प्रश्न विचारले. “नदीबरोबर कोणता शब्द होता?”

“कोणती नदी?”

एकही जोडी आली नाही. तिचा चेहरा बघून मास्तरांनाच दया आली. “भोपळा ना? अहो, सांगा बिनधास्त. आयुष्यभर वाटलेत मी. एखादा माझ्या वाट्याला आला, तर बिघडलं कुठे?”

तेवढ्यात दार उघडलं. बाळानं बाहेर आकांत मांडला होता. लेकीच्या खांद्यावरून पिशवी घसरत होती, केस सुटले होते. “काय झालं?” तिनं विचारलं.

“शून्य,” संशोधिका म्हणाली. “पण थांबा, मला वाटतं मी—”

पिशवी सुटली. दुपटी, बाटली, सगळं जमिनीवर पसरलं. लेकीनं घाईघाईनं बाळ समोर बसलेल्या मास्तरांच्या मांडीवर ठेवलं आणि ती वाकली.

“अगं, कोणाचं हे?” मास्तर म्हणाले.

लेकीनं डोळे मिटून घेतले.

मास्तर बाळाकडे अनोळखी कुतूहलानं पाहत होते. त्यांचे हात मात्र थांबले नव्हते. त्यांनी बाळाला अलगद पालथं केलं आणि आपल्या हातावर आडवं घेतलं. गाल कोपराच्या खळग्यात ठेवला. दुसऱ्या हाताचा अंगठा बाळाच्या तळपायावर हळूहळू गोल फिरू लागला. रडणं हुंदक्यांवर आलं, मग उसाशावर. मग खोलीत नुसता उजेड उरला.

लेक जमिनीवरच बसली होती, हातात दुपटं तसंच. “हिला असंच धरावं लागतं,” ती कुजबुजली. “दुसऱ्या कशानंच ती गप्प होत नाही. मीच दाखवायचे त्यांना. दर वेळी पहिल्यापासून. मग कंटाळून सोडून दिलं.”

संशोधिकेनं फेकलेल्या चांदण्यांच्या टोपलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“अगं, इतकं रडू देतात का लेकराला?” मास्तर हलक्या आवाजात लेकीला रागे भरले. “असं धरायचं असतं. तुला कुणी शिकवलं नाही वाटतं?”

“नाही, बाबा,” लेक म्हणाली. “दर शनिवारी येत जाईन. तुम्ही शिकवा.”