घरचं नाव

"परत एकदा दाखव," ओनोदेरा म्हणाले.

चिगुसा मोरिवाकीने डावा हात मुद्दाम पाठीमागे नेला. उजव्या हातातल्या फोनवर अंगठा टेकवला. कोल्ह्याच्या हातातला कंदील पेटला आणि तो पळत सुटला. अंगठा उचलला. अंधार झाला, कोल्हा जागीच थिजला.

"बटणं कुठायत?"

"नाहीत. दाबलं की उजेड, सोडलं की काळोख."

ओनोदेरांनी फोन हातात घेऊन स्वतः अंगठा टेकवून पाहिला. 'कंदीलवाला कोल्हा' या खेळावर क्योतोतली ही कंपनी उभी राहिली होती. तो टीव्हीसमोर बसून दोन्ही हातांनी खेळायचा खेळ. फोनवर आणताना सगळ्यांनी काचेवर बटणं काढली, आणि बोटांखाली कोल्हाच दिसेनासा झाला. शेवटी संचालकांनी सांगून टाकलं, कोल्ह्याला जो फोनवर पळवेल, तोच नव्या विभागाचा प्रमुख.

"हे सुचलं कसं तुला?"

"मुलीला पाजताना. एक हात तिच्या डोक्याखाली अडकलेला असायचा."

ओनोदेरा हसले. "वर हे सांगू नकोस. चार वाजता पाळणाघराकडे पळणाऱ्या बाईचं काम म्हटलं, की ते फोन हातातसुद्धा घेणार नाहीत."

ते खोटं नव्हतं. मुलीचा ताप साडेसदतीस अंश सेल्सिअसवर गेला की पाळणाघराचा फोन यायचा, आणि चिगुसा बैठकीतून उठायची. "निघाली बघ आपली अग्निशमन दलाची गाडी," कुणीतरी मागे पुटपुटायचं.

"मग काय करू?"

"टोपणनाव घाल. आमच्या वेळी सगळेच घालायचो. खरं नाव दिसलं की दुसऱ्या कंपन्या माणसं पळवून न्यायच्या. घरात मुलीला काय म्हणतेस?"

"दोंगुरी." जन्मली तेव्हा तिचं जावळ ओकच्या बीवरच्या टोपीसारखं बसलं होतं. म्हणून दोंगुरी, म्हणजे ओकचं बी.

"तेच घाल. त्यांना आवडू दे आधी. मग मी सांगतो कोण ते."

ओनोदेरांचं सांगणं तिला पटलं. मूळ खेळाच्या शेवटी, कर्त्याच्या जागी, 'पाणमांजर' एवढंच लिहिलेलं होतं. पाणमांजर म्हणजे ओनोदेरा, हे आता कंपनीत शिपायालाही ठाऊक होतं.

तिला काळजी होती ती सेगावाबाईंची.

सेगावा निवृत्तीला आलेल्या. खेळातल्या चुका शोधायचं काम करायच्या. त्यांच्या चहाच्या कपावर पुसट झालेलं पाणमांजर होतं, आणि त्यावरून पोरं त्यांना 'ओनोदेरांची भक्तीण' म्हणायची. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पण अलीकडे त्या चिगुसाच्या टेबलाशी विनाकारण रेंगाळत.

एकदा तर त्या तिच्या पडद्यावर वाकल्याच. "दोंगुरी कोण गं?"

चिगुसाने पडदा बंद केला. "असंच. अजून ठरलं नाही."

"खरं नाव घाल."

"तुम्हाला काय करायचंय, सेगावा-सान?"

"मला काय करायचं असणार? पण घाल. कामाची एक प्रत घरीही ठेव."

घरी काम नेणं म्हणजे नोकरी गमावणं. बाई आपल्याला कशात तरी अडकवू पाहताहेत, असं तिला वाटलं. त्या दिवशी मुलीला सायकलवर मागे बसवून नेताना तिने दोनदा वळून पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळं ओनोदेरांच्या कानावर घातलं.

त्यांनी मान हलवली. "बाईंच्या मनात जुनं काहीबाही आहे. जपून राहा. असं कर, सगळं माझ्याकडे दे आणि तुझ्या संगणकावरचं पुसून टाक. फुटलं तर आळ आधी तुझ्यावर येईल."

तिने सगळं दिलं. सगळं पुसलं. आठवडाभरात सेगावांचं टेबल खालच्या मजल्यावर, कागदांच्या खोलीशेजारी गेलं. चिगुसाला थोडं वाईट वाटलं, पण त्या रात्री झोप मात्र शांत लागली.

नवा खेळ टोकियोच्या एका सभागृहात जाहीर होणार होता; त्या दिवशी तो सोहळा दाखवायला कंपनीच्या उपाहारगृहात मोठा पडदा लावला होता. लोक उदोन शेवयांचे वाडगे हातात धरूनच उभे होते. चिगुसाने पाळणाघराला आधीच कळवलं होतं, आज ताप आला तर नवऱ्याला फोन करा. निळा कोट इस्त्री करून घातला होता. 'मग मी सांगतो' मधला तो 'मग' आज येणार होता.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सेगावा. हातात तोच कप.

पडद्यावर कोल्हा एका अंगठ्यावर पळाला आणि टोकियोच्या त्या सभागृहात टाळ्या थांबेनात. शेवटी काळ्या पडद्यावर एकच नाव उमटलं. दोंगुरी.

निवेदिकेने विचारलं, "ओनोदेरा-सान, आता तरी सांगा. ही दोंगुरी कोण?"

ओनोदेरांनी मानेवरून हात फिरवला. लाजल्यासारखे हसले.

"जुनी खोड हो माझी. तेव्हा पाणमांजर होतो, आता दोंगुरी. नवा विभाग सांभाळायचा म्हणजे नवं नाव नको का?"

उपाहारगृहातही टाळ्या पडल्या. चिगुसाचे हात कोटाच्या खिशातच राहिले. बाजूचं कुणीतरी तिला म्हणालं, "काय डोकं आहे ना म्हाताऱ्याचं, या वयात." तिने मान हलवली असावी.

लोक पांगले. सेगावांनी कप टेबलावर ठेवला आणि चित्राची बाजू तिच्याकडे वळवली.

"माझा मुलगा आंघोळीला बसला की पाण्यातून बाहेरच यायचा नाही," त्या म्हणाल्या. "ओनोदेरांनी मलाही हेच विचारलं होतं. घरात मुलाला काय म्हणतेस?"