एका वेळी चार कप

"भावजी, आता हॉटेलच काढा," चौघींपैकी एक म्हणाली. दिनकररावांनी नव्या मशीनमधून पाच मिनिटांत चार कप कॉफी काढली होती.

जुनं मशीन एकेक कप काढायचं आणि मधे तापत बसायचं. चौथीला कॉफी मिळेपर्यंत तास उलटायचा. अंथरुणाला खिळलेल्या पत्नीला, शैलजाला, भेटायला दर रविवारी येणाऱ्या मैत्रिणींना असं ताटकळत ठेवायची दिनकररावांना लाज वाटायची.

आज चौघींचे कप एकदमच रिकामे झाले. एकीनं पर्स उचलली. मागोमाग सगळ्याच उठल्या.

दार लागलं. भिंतीकडे बघत शैलजा म्हणाली, "गप्पा आत्ता कुठे सुरू होत होत्या. जुनं परत मिळेल का हो?"

दिनकररावांनी तिची उशी सरळ केली. जुनं मशीन नव्याच्या बदल्यात घेऊन दुकानदारानं त्यांच्यादेखत भंगारात टाकलं होतं.