सफरचंदांच्या जागी नासपती

प्राध्यापक बान गी-ह्वान ग्रंथालयात शिरले ते भांडायच्या तयारीनंच. दुपारी जेवताना एका सहकाऱ्यानं सहज सांगितलं होतं, की तुमचं संख्याशास्त्राचं पुस्तक यंदा मुलं ग्रंथालयात बसून फुकट वाचतायत, आणि वर कसलासा कागदही वाटला जातोय. मार्चचा पहिला आठवडा होता. सत्र नुकतंच सुरू झालेलं. बेचाळीस हजार वॉनची चौथी आवृत्ती फाटकासमोरच्या दुकानात रचून ठेवलेली होती, आणि ती अजून तशीच रचलेली होती.

ग्रंथपाल मिन यॉन-जू त्यांना बघून उठल्या, नमस्काराला वाकल्या. झेरॉक्स एकाही पानाची काढलेली नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पास होऊन गेलेल्या मुलांकडून तिसऱ्या आवृत्तीच्या एकतीस प्रती मागून घेतल्या होत्या, त्या खिडकीजवळच्या कपाटात ठेवल्या होत्या, एवढंच. महागड्या पुस्तकांवर या सत्रापासून काहीतरी मार्ग काढायचा, असं ग्रंथालयानं ठरवलं होतं.

"आणि तो कागद?" बान सरांनी विचारलं.

मिनबाईंनी तो पुढे सरकवला. त्यावर आकड्यांच्या दोन रांगा होत्या, दुसरं काही नाही. तिसऱ्या आवृत्तीतलं सातवं गणित म्हणजे चौथीतलं बारावं. नववं म्हणजे तिसरं. असं पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत.

"सर, दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून आम्ही आठवडाभर वाचली," मिनबाई म्हणाल्या. "नवीन काय आलंय ते मुलांना वेगळं सांगावं म्हणून. आमच्याकडून काही सुटलं असेल तर सांगा ना. त्यात घालते."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण बाई खरोखरच पेन उघडून बसल्या होत्या.

सुटलेलं काहीच नव्हतं. थंडीच्या सुट्टीत दोन संध्याकाळी बसून सरांनी गणितं खालीवर केली होती. उदाहरणांत सफरचंदांच्या जागी नासपती आणल्या होत्या. पाचव्या प्रकरणातल्या दोन आकृत्या निळ्या केल्या होत्या. प्रस्तावनेत मात्र 'आमूलाग्र सुधारित' असं लिहिलं होतं, आणि ते लिहिताना हात जराही अडखळला नव्हता.

"बघतो," असं पुटपुटत ते तिथून सुटले ते नेमके खिडकीकडे गेले.

तिथं प्यो क्युंग-हे बसल्या होत्या. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या, बावन्न वर्षांच्या. बसस्टँडजवळचं नूडल्सचं दुकान दुपारपुरतं बहिणीवर सोपवून त्या कॉलेजात यायच्या. समोर तिसरी आवृत्ती उघडी होती, कडा मऊ पडलेली. सरांना बघताच त्या धडपडत उठल्या, आणि चोरी पकडली जावी तसे त्यांनी दोन्ही हात पुस्तकावर पालथे ठेवले. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते.

"माफ करा सर. नवं घेणारच आहे मी. पुढच्या महिन्यात नक्की."

सर त्या मऊ पडलेल्या कडांकडेच बघत होते, म्हणून त्यांना वाटलं की सर रागावलेत. त्या आणखी हळू आवाजात म्हणाल्या, "मला ते पाचवं प्रकरण काही केल्या कळत नाहीये. चारदा वाचलं. जुनं पुस्तक आहे म्हणूनच असेल, नाही का? नव्यात तुम्ही नीट उलगडून सांगितलं असेल."

पाचव्या प्रकरणात एकही ओळ बदललेली नव्हती. ते अवघड जातं, हे अकरा वर्षं मुलं सांगत आली होती.

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही. पण तीस वर्षं फळ्यासमोर चाललेली जीभ तिच्या वळणानंच गेली.

"हो," बान सर म्हणाले. "घ्या सवडीनं."

प्योबाई दोनदा वाकल्या. सवड दिल्याबद्दल आभार मानून खाली बसल्या आणि पाचवं प्रकरण पाचव्यांदा वाचू लागल्या.

सर दारापर्यंत गेले. काचेचं दार आपोआप सरकून उघडलं. सर बाहेर पडले नाहीत, तेव्हा ते पुन्हा मिटलं. मग पुन्हा उघडलं. बाहेरून येणारी दोन मुलं त्यांना वाट देत बाजूला थांबली, ती वाकून उभी. कानाच्या पाळ्या तापल्याचं सरांना जाणवत होतं. त्या मुलांना ते दिसत असणार, असंही वाटत होतं.

ते वळून मिनबाईंच्या टेबलाशी आले. पुस्तक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवायला लेखकाची परवानगी लागते, त्याचा काही अर्ज असतो का, असं त्यांनी विचारलं. पुस्तकाचे हक्क त्यांनी प्रकाशकाला दिलेच नव्हते, स्वतःकडे राखले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मिनबाईंनी खणातून अर्ज काढला, पुस्तकाचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

"तिसरी आवृत्ती ना, सर?"

"चौथी लिहा."

मिनबाईंनी मान वर केली. "नवीही द्यायची?"

ग्रंथालयात हळू बोलायचं असतं. बान सर हळू बोलले नाहीत.

"नवी नाहीये ती. जुनीच आहे. अक्षरन् अक्षर."

मागे खिडकीपाशी कुणीतरी पान उलटत होतं, ते थांबलं. सरांनी मागे वळून पाहिलं नाही. अर्ज पुढे ओढला आणि सही कुठे करायची ती जागा ते बराच वेळ शोधत राहिले.