नावाड्याबद्दल प्रेक्षकांचं मत

कादंबरीकारांचा नावाडी अखेर मारला गेला. पण तूर्त तसं काही झालंच नाही असं समजू, कारण प्रदर्शनाआधीच्या खास खेळात तो चांगला ठणठणीत होता. जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांचे नायक एकत्र येतात आणि जगाच्या शत्रूला बदडून काढतात, असा तो मारधाडपट. बाकी नायकांचे लेखक कधीच वारले होते. नावाड्याचे कादंबरीकार तेवढे हयात होते आणि मागच्या रांगेत नातीशेजारी बसले होते.

दिवे लागल्यावर दिग्दर्शकाने प्रेक्षकांना मत विचारलं.

"तलवारवाला एका हाताने हेलिकॉप्टर पाडतो," पुढचा एक जण म्हणाला, "आणि हा नावाडी काय करतो, तर बुडणाऱ्यांना बाहेर काढत बसतो. बोअर करतो राव."

"मग मध्यंतराआधी त्यालाच बुडवू या?" दिग्दर्शकाने विचारलं.

भराभर हात वर झाले. नातीचाही झाला.

"अगं, तो तुझा काका आहे," कादंबरीकार हळूच म्हणाले.

"काहीतरीच काय, आजोबा. काका तर माझ्या जन्माआधीच नदीत बुडाला ना?"

"म्हणून तर पुस्तकात त्याला पोहायला शिकवलं."

नातीने हात खाली घेतला, पण तोवर निकाल लागला होता.

"सर, तुमची काही हरकत?" दिग्दर्शकाने रीत म्हणून विचारलं.

कादंबरीकार उठून उभे राहिले.

"हरकत नाही. फक्त बुडालेल्या इसमाचा मृतदेह या खेपेला तरी शोधून काढून वडिलांच्या ताब्यात देण्यात यावा, ही नम्र विनंती."