रोज चाळीस घरं

‘आपल्या शाळेवर विश्वास ठेवा’ अशी पत्रकं वाटून बाईंच्या पायांचे तुकडे पडले होते. वरून हुकूमच होता, रोज चाळीस घरं. एकविसावं दार उघडलं आणि बाईंच्या जिवात जीव आला.

“अगं, तू तर माझ्या वर्गाची मॉनिटर! लेकीला आपल्याच शाळेत घाल. मी जातीनं लक्ष देईन.”

तिनं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं.

“तुम्ही शिकवलेलं अजून पाठ आहे, बाई. पण तुम्ही तेव्हा सदानकदा मतदारांच्या याद्या घेऊन दारोदार. वर्ग मीच सांभाळायचे.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती गं.”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शाळा भरून तास उलटला होता.

“आत्ता मॉनिटर कोण आहे, बाई?”