भरलेला कॅन

चढाच्या मध्यावर ट्रक तापणार, हे ड्रायव्हर धरूनच चालायचा. गॅरेजवाल्या ताईने पंख्याचा क्लच असा बदलून दिला, की इंजिन तापायच्या आधीच पंखा जोर धरेल. तरी त्याने पाण्याचा कॅन सोबत नेलाच. परतल्यावर तो कॅन तसाच्या तसा तिच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "मानलं ताई तुम्हाला! काटा जागचा हलला नाही. रेडिएटरचं झाकण उघडायची वेळच आली नाही."

"हे बाबांना सांगा."

तो कोपऱ्यात बसलेल्या तिच्या वडिलांकडे वळला. "काका, ही करामत तुमची होय?"

म्हाताऱ्याने भाजल्याचे व्रण असलेला चेहरा आवाजाच्या रोखाने वळवला. मिटलेल्या डोळ्यांनीच हसला.

"करामत पोरीची. मी फक्त एकदा ते झाकण घाईने उघडलं होतं."