उशाखालची चित्रं

"रेमीच्या उशाखाली एवढंच होतं," असं म्हणत मादाम कॉक्रेलनी गठ्ठा टेबलावर ठेवला. रुआँहून पॅरिसला त्या मुद्दाम आल्या होत्या. रेमी त्यांच्याच घरात भाड्याने राहायचा आणि तिथेच गेला.

आन्सेल्मने दोरी सोडली. लाल खडूची वीस-बावीस चित्रं, एकावरही नाव नाही. पंधरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या गादीखाली त्याला हीच सापडली होती. रेघा सगळ्या डावखुऱ्याने ओढल्यासारख्या कललेल्या, आणि घरात डावखुरा एकटा रेमी.

चित्रकार आन्सेल्म. रेमी नुसता छापयंत्र ओढणारा. भावाचं चित्र गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तो त्यावर ओला कागद ठेवून यंत्रातून काढायचा, म्हणजे सुटा खडू त्या कागदाला लागून निघे आणि चित्र मग झडत नसे. अशा माणसाचा हात आपल्याहून सरस निघावा, हे आन्सेल्मच्या जिव्हारी लागलं. "इथे दोघांपुरतं काम नाही," एवढंच सांगून त्याने भावाला घालवलं.

"दादा, ती गादीखालची चित्रं नेऊ?" रेमीने जाताना विचारलं होतं.

"ने की. मला काय करायचीत?"

रेमीने त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. आन्सेल्मला तो टोमणा वाटला.

"बघा, किती हलका हात," आता तो म्हणाला. "ही आमची आई, सलगम सोलतेय. सुरी डाव्या हातात. स्वतः डावखुरा, तर आईलाही डावखुरी केलीन वेड्याने."

"मी तर त्याला कधी चित्र काढताना पाहिलं नाही बाई."

"चोरून काढत असेल. माझ्या धाकाने." "माझं चुकलं, मादाम. आता ही सगळी तांब्यावर कोरतो. प्रत्येक छापाखाली नाव रेमीचं."

"त्याला आता काय उपयोग?"

मादाम गेल्यावर आन्सेल्मने कोरणी घेतली. तांब्यावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरणारा चित्र आरशात बघून कोरतो. आईचं चित्र त्याने आरशासमोर उभं केलं.

आरशात सुरी आईच्या उजव्या हातात होती. आणि खाली कोपऱ्यात, ज्याला तो नुसता डाग समजला होता, तिथे ओल्या कागदाने टिपलेली, फिकट अक्षरांतली आन्सेल्मची स्वतःची सही होती.